कुठून माघारी फिरलं?

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, २००२ सालापासून. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, शिमग्याचे कार्यक्रम, पतसंस्थांचे अहवाल, असलं काम. कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा नव्हता, ती गळ्यात पडली. त्या वेळी आमचा मेकॅनिक रत्नागिरीहून एसटीनं यायचा आणि त्याचा ‘उद्या’ आठवड्यानं उजाडायचा. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात मशिन आठ दिवस बंद राहिलं, तर मंडळाची पोरं दुकानासमोर उभी राहून माझीच आरती म्हणतील. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. सोबतीला सासरे होते, आप्पा. वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण विजेशी त्यांचं आयुष्यभराचं भांडण होतं आणि ते कामाला आलं.

सुरू होता होता पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होणारी मशिनं मी शे-दीडशे तरी पाहिली असतील. त्यांच्याविषयी वहीत लिहून ठेवलेलं हे काही. क्रम वहीतलाच आहे, शहाणपणाचा नाही.

१. ‘का’ नंतर विचारावं, आधी ‘कुठे’

“वहिनी, चालू होता होता परत बंद होऊन चालू होतोय.” ही तक्रार म्हणजे “पोटात दुखतंय” एवढीच माहिती. चिपळूणहून कराडला निघालेली गाडी वाटेतूनच परत स्टँडवर दिसली, तर आपण काय विचारतो? पोफळीतून फिरली, की कुंभार्ली घाटातून, की पार कोयनानगरला जाऊन आली? त्यावरून कळतं, टायर गेला की दरड आली. कॉम्प्युटरचंही तेच. तो कुठून माघारी फिरला ते कळलं की अर्धं काम झालं.

माझे टप्पे चार. बटण दाबल्यावर पंखा एक-दोन सेकंद फिरतो, पडद्यावर काहीच येत नाही आणि पुन्हा तेच: हा स्टँडच्या बाहेरही पडलेला नाही. वीज, एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, बटण किंवा कुठेतरी शॉर्ट. दुसरा, बीप वाजतो, कंपनीचं नाव येतं आणि तिथून फिरतो: रॅम, प्रोसेसरची उष्णता, बायोसच्या सेटिंग. तिसरा, विंडोजचं चिन्ह येतं, ठिपके गोल फिरायला लागतात आणि मग फिरतो: इथे हार्ड डिस्क, ड्रायव्हर, विंडोजच्या फायली. चौथा, डेस्कटॉप दिसतो, आपल्याला हायसं वाटतं आणि तेवढ्यात जातो: उष्णता, व्हायरस, सुरुवातीलाच उघडणारा एखादा प्रोग्रॅम. या टप्प्यांना कुंपण नाही हे खरं. रॅम चारही ठिकाणी दगा देऊ शकते. पण सुरुवात कुठून करायची ते ठरतं.

आणि मोजायचं. मी तोंडानं मोजते, “एक, दोन, तीन...” आणि वहीत लिहिते. तीन-चार वेळा मोजावं. दर वेळी आकडा तोच आला, समजा अकरा, तर मशिन एका ठराविक पायरीवर अडखळतंय. बहुधा तिथली फाईल किंवा सेटिंग बिघडली आहे. आकडा घटत गेला, आधी चाळीस, मग बावीस, मग सात, तर काहीतरी तापतंय. आकड्यांना कसला धरबंदच नसेल, तर वीज, रॅम किंवा सैल वायर. हे कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही, पण वहीनं मला सहसा खोटं पाडलेलं नाही.

२. आधी सगळे पाहुणे बाहेर

पेन ड्राइव्ह, प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, फाँटच्या सॉफ्टवेअरचं कुलूप म्हणजे डोंगल, सगळं काढायचं. फक्त मॉनिटर, कीबोर्ड, माऊस. एकदा अर्धा दिवस घालवल्यावर कळलं की समोरच्या यूएसबीच्या खोबणीत एक पिन वाकून शेजारणीला टेकत होती. एवढंच.

३. भिंतीतली वीज

२००६ चा मे महिना. दुकानातलं जुनं मशिन सकाळी हटकून रिस्टार्ट व्हायचं. नऊ वाजता दुकान उघडलं की तीनदा-चारदा विंडोजच्या चिन्हापर्यंत जायचं, परत फिरायचं, मग कधीतरी सरळ चालू. दुपारी बंद करून चालू केलं तर काही नाही. रविवारी तर मुळीच नाही. मी म्हटलं, रात्रभर गार पडतं म्हणून असेल. मेकॅनिकनं फोनवर सांगितलं, विंडोज करप्ट झालंय, फॉर्मॅट मारावं लागेल.

आप्पा चहा घेऊन यायचे. दोन-तीन दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी म्हणाले, “अगं सूनबाई, तुझा विंडोज रविवारी सुट्टी घेतो का?”

रविवारी काय वेगळं असतं? झेरॉक्स मशिन बंद असतं. रोज सकाळी मी आल्या आल्या आधी झेरॉक्सचं बटण दाबायचे, कारण ते तापायला वेळ घेतं, आणि मग कॉम्प्युटरचं. झेरॉक्सच्या आत कागदावर शाई भाजून पक्की करणारा हीटर असतो. तो तापताना दांडगा करंट ओढतो, आणि नेमक्या त्याच मिनिटात कॉम्प्युटर उठत असतो. यूपीएस होता, पण त्याच्या १२ व्होल्टच्या बॅटरीनं कधीच राम म्हटला होता, म्हणून मी मशिन सरळ बोर्डात लावलेलं. आप्पांनी मल्टिमीटर लावला. एरवी २२६ व्होल्ट. झेरॉक्स चालू केलं की काटा, म्हणजे आकडा, १६८ वर. त्यांनी मेन बंद करून स्विचबोर्ड उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू सैल आणि वायरीचं टोक जळून काळं झालेलं. टोक कापलं, नव्यानं सोललं, स्क्रू घट्ट आवळला. खर्च शून्य. फॉर्मॅट करून काय झालं असतं? सोमवारी पुन्हा तेच, आणि वर माझे फाँट गेलेले.

त्या दिवसापासून रिस्टार्टची तक्रार आली की मी हेही हमखास विचारते, “त्याच बोर्डावर आणखी काय चालतं?” फ्रिज, पाण्याची मोटर, इस्त्री, कुणी मिक्सर सांगतं. एकाकडे तर नारळ किसायची मोटर होती. मशिन उचलून दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि ती कुणीही करत नाही.

अर्थिंगचंही आप्पांनीच शिकवलं. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, ते ‘थोडं करंट मारतं’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात आणि अर्थिंग नसलं की कॅबिनेटवर साधारण निम्मा दाब चढून बसतो, शंभर-एकशेदहा व्होल्ट. करंट अगदी थोडा, पण त्या अवस्थेत प्रिंटरची वायर जोडली की मशिन दचकतं. आमच्याकडे जांभ्याची जमीन. मेमध्ये कोरडी ठणठणीत होते, त्यामुळे पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात लंगडं पडतं. आप्पा अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतायचे. शेजारच्यांना वाटायचं, म्हातारा तिथे काहीतरी रुजत घालतोय.

४. पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस ठीक, असं नाही

हा समज मी किमान पन्नास जणांच्या डोक्यातून काढला असेल. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे वेगवेगळे दाब देतो: पिवळी वायर बाराची, लाल पाचची, नारिंगी तीन पूर्णांक तीनची. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे बाराची वायर ११.४ च्या खाली जाता कामा नये. पंखा मात्र नऊ व्होल्टवरही आनंदात फिरतो.

त्या जुडग्यात एक करडी वायर असते, तिच्यावर माझा फार जीव. सगळे दाब स्थिर झाले की एसएमपीएस तिच्यावरून मदरबोर्डला कळवतो, ‘सगळं ठीक, निघा.’ दाब स्थिर झाल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत हा निरोप जातो. तो आला नाही तर मदरबोर्ड जागचा हलत नाही, आणि मध्येच काढून घेतला तर त्याच क्षणी सगळं सोडून पहिल्यापासून सुरुवात करतो. गार्डानं हिरवा झेंडा खाली घेतला, असं समजा. म्हातारा एसएमपीएस रिकाम्या पोटी निरोप देतो. मग हार्ड डिस्कची तबकडी फिरायला लागते, ती सुरुवातीला बाराच्या वायरीतून दोनेक ॲम्पिअर ओढते, प्रोसेसर जागा होतो, दाब कोसळतो, झेंडा खाली. की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून मल्टिमीटर मशिन सुरू होत असताना लावायचा, नुसता बाहेर काढून नव्हे. हिरवी आणि काळी वायर तारेनं जोडून एसएमपीएस सुटा चालवून दाखवणारे खूप आहेत. त्यानं तो जिवंत आहे एवढंच कळतं, ओझं उचलेल का ते कळत नाही. माझी पद्धत याहून सरळ: ओळखीचा, चांगला एसएमपीएस लावून बघणे. त्यासाठी एक कायम कपाटात. आणि प्रोसेसरजवळची ती वेगळी चार पिनांची जोडणी बघायची. साफसफाईनंतर ती लावायला विसरणारी मी एकटी नाही.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेवर व्होल्ट काही काळ टिकून राहतात. मी एकदाच उघडला होता, आत वाळलेली पाल होती. ती तिथे का गेली ते समजलं, आत ऊब होती. बाहेर काढायला आप्पांना बोलावलं.

५. खोडरबर

रॅम काढा, तिच्या सोनेरी दातांवरून शाळकरी खोडरबर फिरवा, चुरा झटका, ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. पावसाळ्यात आमच्याकडे याच एका उपायानं तीनातलं एक मशिन उठतं. कोकणातली हवा जून ते सप्टेंबर नुसती ओली. पापडाचं जे होतं ते दातांचंही होतं. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, खोबणीही बदलून बघा. संशय उरलाच तर मेमटेस्ट पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालत ठेवा. सकाळी पडद्यावर एक जरी लाल ओळ दिसली तरी ती रॅम गेली. ‘थोडीशी खराब’ अशी रॅम नसते.

६. माझी सर्वांत महाग चूक

२००९ चा दसरा. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते: कटिंग मशिन, झेरॉक्स, स्टेपलर, आणि अर्थात कॉम्प्युटर. हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. दोन दिवसांनी मशिन रिस्टार्ट व्हायला लागलं. कधी पाच सेकंदांत, कधी विंडोज येऊन मिनिटभरानं. दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं काम अंगावर.

मेकॅनिक आला. त्यानं एसएमपीएस बदलला. तसंच. रॅम बदलली. तसंच. म्हणाला, मदरबोर्ड. धाकटे दीर पुण्याला होते, त्यांनी बुधवारातल्या तापकीर गल्लीतून बोर्ड घेऊन पाठवला, ४,२०० रुपये. त्या वेळी ती माझी महिन्याची कमाई. नवा बोर्ड लावला, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं, विंडोजचं चिन्ह आलं, आणि गेलं.

माझी मुलगी तेव्हा चौथीत. ती खाली बसून गृहपाठ करत होती. “आई, हे छोटं बटण आत का गेलंय?” रिसेटचं बटण. त्याच्या कडेच्या फटीत अक्षतांचा एक दाणा, ओल्या कुंकवात घट्ट रुतून बसलेला. बटण पूर्ण दाबलेलं राहिलं असतं तर मशिन सुरूच झालं नसतं आणि आम्हाला लगेच कळलं असतं. हे अर्धवट अडकलेलं. पंख्याच्या थरथरीनं टेकायचं, सुटायचं.

तेव्हापासून बोर्डाला हात लावण्यापूर्वी मी समोरच्या बटणांच्या बारीक वायरी मदरबोर्डावरून उपसून काढते आणि पॉवरच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून मशिन सुरू करते. तसं सुरळीत चाललं, तर दोष बटणात. अर्ध्या मिनिटाचं काम. दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा अजून करते, पण अक्षता कीबोर्डापासून आणि बटणांपासून दूर, वर टपावर वाहते.

जुना बोर्ड फेकला नाही. नंतर पाच वर्षं दुसऱ्या मशिनमध्ये चालला.

७. टोप्या आणि टाचण्या

२००० ते २००७ च्या सुमाराचे मदरबोर्ड हातात आले की आधी कपॅसिटरच्या टोप्या बघायच्या. त्या काळात निकृष्ट कपॅसिटरची एक साथच जगभर आली होती. वरचा पत्रा सपाट हवा. फुगून भाकरीसारखा वर आला असेल किंवा फुलीच्या चिरेतून तपकिरी रस बाहेर आला असेल, तर बाकी काही तपासू नये. असं मशिन पाच-सहा हेलपाटे मारून तापलं की मग चालतं, आणि लोक म्हणतात, “सकाळी जरा नखरे करतो.”

उष्णतेचं वेगळं. प्रोसेसर फार तापला तर स्वतःला वाचवायला मशिन बंद करतो. बंद पडणं आणि रिस्टार्ट होणं यांत फरक करायला गिऱ्हाइकाला शिकवावं लागतं. पेंटियम ४ च्या उत्तरार्धापासूनच्या इंटेलच्या पंख्यांना प्लॅस्टिकच्या चार टाचण्या असायच्या, त्यांतली एक सुटली की पंखा फिरतोय पण प्रोसेसरला टेकत नाही. हात लावून हलवून बघायचं. पेस्ट वाळून खडू झाली असेल तर खरवडून मसुराएवढी नवी लावायची. भरपूर लावली म्हणजे जास्त गार, असं नाही. ती साय नव्हे.

८. निळा पडदा पळतो, त्याला धरून ठेवायचं

विंडोजच्या चिन्हावरून माघारी फिरणाऱ्या मशिनमध्ये बरेचदा एक निळा पडदा क्षणभर चमकतो. त्यावर दुखण्याचं नाव लिहिलेलं असतं. पण बिघाड झाला की आपोआप रिस्टार्ट व्हावं, अशी सोय विंडोजमध्ये मुळातच चालू असते, म्हणून वाचायच्या आत तो जातो. ज्यानं ही सोय केली त्याचा हेतू चांगला असेल, पण त्यानं डॉक्टरच्या हातातला कागदच काढून घेतला.

एक्सपी आणि सेव्हनमध्ये सुरुवातीलाच एफ८ दाबत राहिलं की यादी येते, तिच्यात ही सोय बंद करता येते. दहा-अकरामध्ये लागोपाठ दोनदा सुरू होणं फसलं की दुरुस्तीचं पान आपणहून येतं. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज आणि मग ९ आकडा. सेफ मोड हवा तर ४. हे कुठलंच जमलं नाही तर आमच्या दुकानातल्या पोऱ्यानं शोधलेली युक्ती: मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि नेमक्या जागी थांबवून वाचायचं.

एका शाळेच्या ऑफिसातलं मशिन जूनमध्ये माझ्याकडे आलं. सेव्हन होतं. दोघांनी आधीच ‘फॉर्मॅट’ असं निदान केलेलं, आणि आत दहावीच्या दाखल्यांचे तपशील, म्हणून हेडक्लार्कबाई घाबरून मशिन रिक्षात मांडीवर घेऊन आलेल्या. मोजलं: नऊ, नऊ, नऊ. व्हिडिओ काढला. कोड शेवटी ७बी. म्हणजे विंडोज म्हणतंय, मला माझी हार्ड डिस्क सापडत नाही. हार्ड डिस्क तर ठणठणीत. बायोसमध्ये गेले, आणि तारीख दिसली: १ जानेवारी २००९. सगळं तिथेच उलगडलं. मदरबोर्डावर नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते, सीआर २०३२. सुट्टीत शाळेनं मेन स्विच बंद ठेवला, म्हातारी बॅटरी महिनाभरात संपली आणि बायोस सगळ्या सेटिंग विसरला. त्यांत हार्ड डिस्कशी बोलायची पद्धतही होती: विंडोज बसवताना ती एएचसीआय होती, आता मूळची आयडीई झाली. नवी बॅटरी टाकली, एक शब्द बदलला, मशिन उठलं. बाईंनी विचारलं, “किती द्यायचे?” मी बॅटरीचे घेतले. नंतर त्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या सगळ्या पत्रिका माझ्याकडे दिल्या, हे वेगळं.

९. गुरुजींचा कुलवृत्तांत

हे लिहू की नको, असं बरेच दिवस वाटत होतं.

एक निवृत्त गुरुजी सहा वर्षं आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करत होते. गावोगाव हिंडून, जुन्या वह्या, श्राद्धाच्या याद्या, तीर्थक्षेत्रांतल्या उपाध्यांच्या बाडांतून उतरवलेली नावं. मशिन रिस्टार्ट व्हायला लागलं तेव्हा त्यांनी आठवडाभर तसंच चालवलं. “दहाव्या वेळी चालू होतो, म्हणून काम भागत होतं,” म्हणाले. हार्ड डिस्क बारीक ‘टिक् टिक्’ करत होती. मी ऐकलं. ऐकूनही विंडोजनं विचारलेल्या डिस्क तपासायच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं, कारण एरवी तेच करायचे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला चार तास कानाकोपरा झाडायला लावलं. सकाळी कुलवृत्तांताच्या जागी ‘फाउंड’ नावाचं एक फोल्डर होतं आणि आत शेकडो तुकडे, कशालाच नाव नाही. मग डिस्क कायमची गप्प झाली.

हार्ड डिस्क आवाज करत असेल, तर ती बाहेर काढून दुसऱ्या मशिनला जोडायची आणि मिळेल तेवढं उतरवून घ्यायचं. आधी सर्वांत महत्त्वाचं फोल्डर, मग बाकी. तपासणी नाही, दुरुस्ती नाही, विंडोज सुरू करायचा आणखी एक प्रयत्नसुद्धा नाही. प्रत्येक रिस्टार्ट तिच्या उरलेल्या श्वासांतून कापला जातो. हे मला त्या रात्री माहीत होतं. घाई होती, एवढंच.

गुरुजी मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्याकडे चार वर्षांपूर्वीचा एक प्रिंट होता, तेवढा मी टाइप करून दिला. पुढचा भाग ते परत करायला लागले होते.

१०. एकदम सगळ्यांचं बिघडलं तर आपल्या मशिनवर रागवू नये

२००३ च्या ऑगस्टमध्ये डायलअपनं इंटरनेट जोडलं की थोड्या वेळात पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशिन रिस्टार्ट. मी रॅम काढून घासत बसले. तो ब्लास्टर नावाचा किडा होता, साऱ्या जगात तेच चाललेलं. २०१० च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टचं एक अपडेट आलं आणि कितीतरी एक्सपी मशिनं निळ्या पडद्यावर गरगरायला लागली. सगळ्यांनी अपडेटला शिव्या दिल्या. मागाहून कळलं की त्या मशिनांत ॲल्युरॉन नावाचा व्हायरस आधीच खोल दडून बसलेला. अपडेटनं जमीन हलवली आणि तो उघडा पडला. आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटनं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख मशिनं एकाच दिवशी माघारी फिरली. विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मुंबईतल्या एका कंपनीत काम करणारा माझा भाचा रात्रभर एकेक मशिन सेफ मोडमध्ये नेऊन एकच फाईल पुसत होता. जिथे डिस्कला बिटलॉकर होतं तिथे आधी ४८ आकड्यांची किल्ली टाकायची. “मामी, तुझ्या दुकानात काय झालं?” त्यानं विचारलं. काहीच नाही. असलं महागडं संरक्षण घ्यायची आमची ऐपत नव्हती.

११. पुराचं पाणी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी दुकानात शिरली आणि माळ्यापर्यंत चढली. तीन मशिनं चिखलात. बोर्ड साध्या पाण्यानं धुतले, मग स्पिरिटनं, आठ दिवस वाळवले. एसएमपीएस टाकून दिले, हार्ड डिस्कना हात लावला नाही. दोन बोर्ड उठले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवाळीपर्यंत दोन्ही रिस्टार्ट व्हायला लागले. खोबण्यांच्या खाली राहिलेल्या गाळानं पितळ हिरवं पडलेलं. तिथे खोडरबर पोचत नाही. काही गोष्टी सोडून द्यायच्या असतात, आणि विम्याचा कागद माळ्यावर ठेवायचा नसतो.

१२. परवाचं

रात्री साडेदहाला फोन. गुहागरकडचा एक मुलगा, ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवतो. दुसऱ्या दिवशी कसल्याशा अर्जाची शेवटची तारीख.

“वहिनी, रिस्टार्टच होतोय. पेन ड्राइव्ह तयार आहे. फॉर्मॅट मारून टाकू?”

“कुठपर्यंत जातो?”

“म्हणजे?”

“बटण दाब आणि मोज.”

फोनवर पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. मग त्याचा आवाज, तोंडातल्या तोंडात.

“नऊ.”

“परत.”

“...नऊच.”

“बरं. आता डिलीट दाबून आत जा, आणि वर तारीख काय दाखवतोय ते सांग.”

बराच वेळ काही नाही. मग तो हसायला लागला.

“वहिनी, आमच्याकडे तर २०१५ साल चालू आहे.”